लांब नॉन-कोडिंग आरएनए आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका कॉलेजात रेण्वीय जीवशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं कॅन्सरवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. त्यामुळे मला दोन तऱ्हेचे मेसेज येतात. एक, परळला ओपीडीबाहेर फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या कुणाचा तरी: ‘मॅडम, गूगलवर मॅलॅट नावाचा जीन दिसला, बाबांचा तपासून घ्यायचा का?’ दुसरा एमएस्सीच्या मुलांचा: ‘मॅडम, प्रोजेक्टला कुठला घेऊ?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकदाच लिहून ठेवते. पेशंटच्या घरच्यांनी ७, ८, ९ आणि ११ हे प्रश्न आधी वाचले तरी चालेल. उपचारांचा निर्णय मात्र तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनेच घ्यायचा आहे. हे पान त्यासाठी नाही.

१. लांब नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे काय? सायन्स दहावीनंतर सोडलेल्या माणसाला कळेल असं सांगा.

डीएनए हे पेशीचं मूळ दप्तर. ते जागेवरून हलत नाही. हव्या त्या पानाची नक्कल काढली जाते, ती आरएनए. ही नक्कल वाचून प्रथिन तयार होतं आणि प्रथिनं पेशीची कामं करतात, असं आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे, पण अर्धं. पेशी अशाही हजारो नकला काढते ज्यांच्यावरून प्रथिन बनतच नाही. अशी नक्कल २०० अक्षरांहून मोठी असेल तर तिला लांब नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. इथून पुढे मी नुसतं ‘लांब आरएनए’ म्हणेन.

प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए ही प्रवासी भरलेली लोकल मानली, तर लांब आरएनए म्हणजे सिग्नल आणि रूळ बदलणारे पॉइंट. त्यांच्यातून कुणी प्रवास करत नाही. पण कुर्ल्याला एक पॉइंट बिघडला की कल्याणपर्यंत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

२०० हा आकडा सोयीचा आहे, निसर्गाने आखलेला नाही. २०२३ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या गटाने तो ५०० करावा असं सुचवलं.

२. मग यालाच ‘कचरा डीएनए’ म्हणायचे ना?

साधारण तेच. माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. त्यांत प्रथिनं बनवणारे जनुक २०,००० च्या आसपास, आणि प्रथिनाचा प्रत्यक्ष मजकूर २ टक्क्यांहूनही कमी. उरलेल्याचं काय, या प्रश्नाला १९७२ मध्ये सुसुमु ओनो यांनी ‘जंक’ हा शब्द वापरला आणि तो चिकटला.

लांब आरएनएच्या जनुकांची नोंद आज प्रथिनांच्या जनुकांइतकी किंवा त्याहून जास्त भरते. पण म्हणून ‘कचरा असं काही नसतंच’ ही आता फॅशनमध्ये असलेली घोषणाही मला पटत नाही. नक्कल काढणारं यंत्र भरकटून भलतीच पानंही छापतं. यादीतल्या बहुतेक नावांना काही काम आहे हे अजून कुणी दाखवलेलं नाही. ज्यांचं दाखवलं गेलं ती मोजकी आहेत, आणि कॅन्सरची गोष्ट त्या मोजक्यांची आहे.

३. प्रथिन नाही, मग हे करतात तरी काय?

या पानावर मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न हाच. एकच काम नाही, म्हणून उदाहरणांनी सांगते.

झिस्ट. १९९१ मध्ये सापडला. बाईच्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि त्यातली एक बंद ठेवावी लागते. झिस्टचा आरएनए आपल्याच गुणसूत्राला लपेटतो आणि त्यावरची बहुतेक सगळी दुकानं शटर ओढून बंद करतो. एक आरएनए, अख्खं गुणसूत्र गप्प. लांब आरएनए काय करू शकतात याबद्दल शंका असणाऱ्याला मी आधी हेच उदाहरण देते.

गॅस५ तोतया आहे. स्टेरॉइडचा संदेश घेणारं एक प्रथिन डीएनएवर ठरलेल्या जागी बसतं. गॅस५चा एक भाग त्या जागेसारखाच वळलेला असतो, म्हणून प्रथिन त्यालाच धरून बसतं आणि मूळ जागा मोकळी राहते.

नॉराड डांबून ठेवतो. २०१६ मध्ये दिसलं की तो पुमिलिओ नावाची प्रथिनं स्वतःवर अडकवून ठेवतो. नॉराड काढला की ती मोकाट सुटतात, पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकते, कुणाला एक जास्त, कुणाला एक कमी. कॅन्सरच्या पेशींत नेमका हाच गोंधळ असतो.

हॉटएअर हा वाटाड्या, निदान तसं मानलं गेलं. २००७ मध्ये सापडला, आणि २०१० मध्ये असं दिसलं की स्तनाच्या मूळ गाठीत तो खूप असेल तर रोग इतरत्र पसरण्याची शक्यता वाढते. जनुकं मिटवणाऱ्या प्रथिनांच्या एका टोळीला तो योग्य पत्त्यावर नेतो, असं चित्र पाठ्यपुस्तकांत गेलं. मग २०१७ मध्ये दिसलं की ती टोळी नसतानाही हॉटएअर जनुक मिटवू शकतो. म्हणजे वाटाड्याचं चित्र पुरं पडत नाही. (नावाचा अर्थ इंग्रजीत ‘नुसत्या गप्पा’ असाही होतो. विरोधकांनी याचा पुरेपूर फायदा घेतला.)

४. २०२४ चं नोबेल मिळालं ते यालाच का?

नाही. ते मायक्रोआरएनएसाठी, व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना. मायक्रोआरएनए जेमतेम २२ अक्षरांचे असतात आणि निरोप्या आरएनएला गाठून त्याचं तोंड बंद करतात.

दोघांचा संबंध जोडणारा एक विचार आहे: लांब आरएनए स्पंजासारखे मायक्रोआरएनए शोषून घेतात, त्यामुळे दुसरे जनुक मोकळे होतात. कल्पना देखणी आहे. पण स्पंजाने बादली कोरडी व्हायची तर स्पंज तेवढा मोठा हवा. पेशीत ज्याच्या चार-दहा प्रती आहेत तो लांब आरएनए हजारो मायक्रोआरएनए कसे शोषणार, हे गणित बऱ्याच शोधनिबंधांत मांडलेलंच नसतं. ‘अमुक लांब आरएनए तमुक मायक्रोआरएनएला शोषून कॅन्सर वाढवतो’ अशा साच्याचं शीर्षक दिसलं की मी आधी प्रतींची मोजणी शोधते.

५. यांची नावं इतकी विचित्र का?

आधी ज्याला जे सुचेल ते नाव मिळे. आता नियम आहे: काम माहीत नसेल तर ‘लिंक’ आणि पुढे क्रमांक. शेजारच्या जनुकाच्या उलट दिशेने वाचला जात असेल तर त्या जनुकाच्या नावापुढे ‘एएस१’. ‘लिंक’ आणि आकडा दिसला की समजा, बाळाचं बारसं व्हायचंय.

६. यांच्यामुळे कॅन्सर होतो का, हो की नाही?

काहींचा हात असतो. बहुतेक जण फक्त घटनास्थळी सापडलेले असतात.

गाठीतल्या पेशीत शेकडो जनुकांचं प्रमाण बदललेलं असतं. आग लागली की गर्दी जमते, पण गर्दीनेच आग लावली असं नाही. त्यामुळे ‘गाठीत हा आरएनए जास्त आहे’ एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. तो काढून घेतल्यावर गाठीची वाढ थांबते का, परत घातल्यावर पुन्हा सुरू होते का, हे पाहावं लागतं.

२०१७ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या सात प्रकारच्या पेशींत मिळून लांब आरएनएच्या १६,४०१ जागा एकेक करून बंद करून पाहिल्या गेल्या. पेशींच्या वाढीवर परिणाम झाला तो ४९९ जागांमुळे. त्यातही ८९ टक्के जागा एकाच प्रकारच्या पेशीत महत्त्वाच्या ठरल्या, बाकीच्यांना त्यांच्यावाचून काही अडलं नाही. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या प्रश्नात लागणार आहे.

दुसरी बाजूही बघा. २०२० मध्ये २,६५८ गाठींचा पूर्ण डीएनए वाचून एक मोठं आंतरराष्ट्रीय काम प्रसिद्ध झालं. त्यात मॅलॅट१ आणि त्याचा शेजारी नीट१ या दोन लांब आरएनएंच्या जनुकांत म्युटेशनचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतल्या बदलांचा, खच दिसला. वाटलं, सापडले गुन्हेगार! बारकाईने पाहिल्यावर कळलं की हे जनुक इतके सतत वाचले जातात की त्या घासाघाशीनेच तिथे ओरखडे पडतात. ओरखड्यांमुळे कॅन्सर वाढतो असं दिसलं नाही.

आणि काही लांब आरएनए तर रोग अडवणारे आहेत. मेग३ हा पी५३ या पहारेकरी प्रथिनाला बळ देतो. पिट्युटरी ग्रंथीच्या काही गाठींत तो गप्प केलेला आढळतो.

७. आईचा एनजीएस रिपोर्ट आलाय. त्यात एकही लांब आरएनए नाही. लॅबने टाळलं का?

नाही, लॅबने काही लपवलेलं नाही. एनजीएस पॅनेल म्हणजे अनेक जनुक एकदम वाचणारी चाचणी. ती मुख्यतः डीएनएतली म्युटेशन शोधते, आणि तीही अशा जनुकांतली ज्यांच्यावरून औषध ठरतं: ईजीएफआर, ब्राका आणि तत्सम. लांब आरएनएत बिघाड बहुधा प्रमाणाचा असतो, आणि तो या चाचणीत दिसत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये २१ जनुकांचा आरएनए मोजून केमोची गरज ठरवणारी एक चाचणी आहे. ती नक्कीच आरएनएची आहे, पण तिच्यातले २१च्या २१ जनुक प्रथिनांचे.

८. मग यांची एकही मान्यताप्राप्त चाचणी नाही?

एक आहे, आणि तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९९९ मध्ये प्रोस्टेटच्या गाठींत पीसीए३ नावाचा लांब आरएनए सापडला. तपासलेल्या ५६ पैकी ५३ गाठींत तो भरमसाट होता आणि शरीरात इतरत्र जवळजवळ नाहीच. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने त्यावरच्या चाचणीला मान्यता दिली. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबून तपासतात, त्यानंतरची पहिली लघवी घेतात. लघवीत उतरलेल्या पेशींमधल्या पीसीए३ आणि पीएसए (प्रोस्टेटमध्ये बनणारं एक प्रथिन) यांच्या आरएनएचं गुणोत्तर काढून त्याला १,००० ने गुणतात. हा आकडा २५च्या खाली असेल तर पुन्हा बायॉप्सी करून काही सापडण्याची शक्यता कमी.

मान्यता कुणासाठी आहे ते नीट वाचा: वय ५० किंवा जास्त, आधीच्या बायॉप्सीत कॅन्सर सापडलेला नाही, तरी डॉक्टरांना शंका आहे आणि पुन्हा बायॉप्सी करायची की नाही असा पेच आहे. ‘वयाची पन्नाशी झाली, करून टाकू’ अशी ही चाचणी नाही. बायॉप्सीच्या जागीही ती चालत नाही.

९. एका खासगी लॅबने रक्तातून लांब आरएनए मोजून कॅन्सर लवकर पकडतो असं सांगितलं. करावी का?

कल्पना चुकीची नाही. काही लांब आरएनए रक्तात, थुंकीत सापडतात. यकृताच्या कॅन्सरमध्ये हल्क, तोंडाच्या कॅन्सरमध्ये हॉटएअर आणि मॅलॅट१ असे दिसलेले आहेत. पण सापडणं एक आणि त्यावरून निदान करणं दुसरं. नमुना घेतल्यावर ट्यूब किती वेळ टेबलावर राहिली, रक्तातल्या पेशी फुटल्या का, एवढ्यानेही आकडे हलतात. लॅबला तीन गोष्टी विचारा: निरोगी किती माणसांत चाचणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ आली, हा अभ्यास कुठे प्रसिद्ध झाला, आणि पॉझिटिव्ह आल्यास पुढची पायरी कोणती. तिसऱ्या प्रश्नाला ‘मग बायॉप्सी करा’ याखेरीज उत्तर नसेल, तर पैसे जपून ठेवा.

ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड घेऊन या लॅबमधून त्या लॅबमध्ये फिरणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. ब्लॉकमधली गाठ प्रत्येक कापासरशी कमी होते. जी चाचणी उपचार बदलणार नाही तिच्यासाठी ती खर्च करू नका.

१०. बाबांनी वीस वर्षं मशेरी लावली, मग गुटखा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये या जनुकांचा भाग किती?

मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदवही ठेवली जाते, देशातली अशी पहिली. पुरुषांत तोंडाचा कॅन्सर तिच्यात वरच्या क्रमांकांतच असतो. या कॅन्सरमागचं मोठं कारण तंबाखू, यात वाद नाही. तंबाखूची रसायनं डीएनएवर घाव घालतात. पुढच्या पडझडीत लांब आरएनएही बदलतात.

२०१३ मध्ये भारतीय रुग्णांच्या गाल आणि हिरडीच्या गाठींवर एक महत्त्वाचं काम आलं. खारघरची अ‍ॅक्ट्रेक ही कॅन्सर संशोधन संस्था आणि बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था त्यात होत्या. टीपी५३, कॅस्पेस-८, नॉच१ अशी बिघडलेल्या जनुकांची यादी त्यातून मिळाली. सगळी प्रथिनवाली. यावरून लांब आरएनए निर्दोष आहेत असा अर्थ काढू नका. त्या पद्धतीत डीएनएचा प्रथिनवाला भागच वाचला होता. जिथे टॉर्च मारला तिथलंच दिसलं.

आणि वडील अजून लावत असतील तर ते आज बंद करणं कुठल्याही आरएनए चाचणीपेक्षा जास्त उपयोगाचं.

११. यांच्यावर औषध कधी येणार?

लांब आरएनएला लक्ष्य करणारं कॅन्सरचं औषध अजून कुठेही मंजूर झालेलं नाही. कुणी विकत असेल तर दारातूनच परत पाठवा.

मार्ग माहीत आहे. आरएनएला चिकटून त्याचा नाश करतील किंवा त्याचं वाचन बदलतील असे छोटे कृत्रिम तुकडे बनवता येतात. मणक्याच्या स्नायुशोष आजारावरचं नुसिनर्सेन हे असंच औषध २०१६ मध्ये मंजूर झालं. पण ते मणक्यातल्या द्रवात थेट टोचतात. शिरेतून दिलेले असे तुकडे मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंड गिळून टाकतात. फुप्फुसातल्या किंवा गालातल्या गाठीपर्यंत पुरेसं काही पोचत नाही.

आकर्षण कशाचं आहे? प्रश्न ६ मधला ८९ टक्क्यांचा आकडा आठवा. जो आरएनए एकाच जातीच्या पेशीला लागतो तो मारला तर बाकी शरीराला त्रास कमी व्हावा. केमोत केस गळताना पाहिलेल्या कुणालाही याचं मोल कळेल. एका गटाने तर उलटी युक्ती केली: मूत्राशयाच्या गाठीत एच१९ या लांब आरएनएच्या जनुकाची कळ चालू असते, म्हणून त्याच कळीला घटसर्पाच्या विषाचा जनुक जोडला, म्हणजे विष फक्त गाठीतच तयार होईल. रुग्णांवर चाचण्या झाल्या, बाजारात मात्र ते आलं नाही.

१२. एका निबंधात मॅलॅट१ कॅन्सर पसरवतो, दुसऱ्यात पसरण्यापासून रोखतो. खरं कुठलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याने वाचन केलंय, म्हणून सविस्तर सांगते.

मॅलॅट१ २००३ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरमधून पुढे आला. ज्यांच्या सुरुवातीच्या गाठीत तो जास्त, त्यांच्यात रोग पसरण्याचं प्रमाण जास्त. नावातच ‘मेटास्टॅसिस’, म्हणजे रोगाचं पसरणं, आहे. पेशीत तो इतका विपुल असतो की सगळ्यांना वाटलं, याच्याविना पेशी जगणारच नाही. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरातून तो काढला. उंदीर खाऊन-पिऊन ठणठणीत!

मग २०१६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांत मॅलॅट१ कमी केल्यावर रोगाचं पसरणं घटलं. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच जातीच्या उंदरांत तो बंद पाडला, तर फुप्फुसात पसरणं वाढलं. परत आणून दिल्यावर ते थांबलं.

फरक पद्धतीत आहे. कुणी डीएनएचा तुकडाच कापला, कुणी वाचन मध्येच तोडणारी खूण घातली, कुणी तयार झालेला आरएनए नष्ट केला. तुकडा कापला की त्यात दडलेले इतर जनुकांचे स्विचही जातात. आरएनए परत घालून पाहण्याची कसोटी २०१८च्या गटाने दिली, म्हणून माझा कल थोडा त्यांच्याकडे आहे. पण वाद मिटलाय असं मी वर्गात सांगत नाही.

१३. पीव्हीटी१ चा आरएनए कॅन्सर वाढवतो, मग त्याची जागा बंद केली की कॅन्सर का वाढला?

आठव्या गुणसूत्रावर पेशींची वाढ रेटणाऱ्या मिक या कुप्रसिद्ध जनुकाला खेटून पीव्हीटी१ या लांब आरएनएचा जनुक आहे. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा दोघांच्या प्रती एकदमच वाढतात. २०१४ मध्ये दिसलं की पीव्हीटी१चा आरएनए मिकच्या प्रथिनाला टिकवून धरतो. म्हणजे साथीदार.

२०१८ मध्ये मात्र पीव्हीटी१ जिथून सुरू होतो ती कळ बंद केली, तर मिक उलट उसळला आणि पेशी जोरात वाढल्या. चाळीतल्या एकाच पाइपवरचे दोन नळ डोळ्यांपुढे आणा. पहिला सुरू असेल तोवर दुसऱ्याला धार बारीक. पहिला बंद केला की दुसरा भसाभस. इथे पाणी म्हणजे जवळच्या डीएनएतले जोर देणारे तुकडे. मुख्य म्हणजे या परिणामाला पीव्हीटी१च्या आरएनएची गरजच नव्हती, त्या जागेचं वाचन सुरू असणं पुरेसं होतं.

म्हणजे एकाच पत्त्यावर आरएनए साथीदार आणि जागा पहारेकरी. ‘जनुक चांगला की वाईट’ असं विचारलं की मी हा पत्ता पुढे करते.

१४. हे आनुवंशिक असतं का? मुलांची तपासणी करायची?

गाठीत एखादा लांब आरएनए वाढला, तो बदल गाठीपुरता असतो. मुलांकडे जात नाही. त्यासाठी तपासणी नको.

अपवाद थोडे, पण आहेत. टेलोमरेझ (गुणसूत्रांची टोकं लांबवणारं यंत्र) याच्या आरएनएचा, म्हणजे टर्कचा, जनुक जन्मतःच बिघडलेला असेल तर डिस्केराटोसिस कंजेनिटा हा दुर्मीळ आजार होऊ शकतो आणि त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. (टर्कला लांब आरएनएत धरायचं की नाही यावर मतभेद आहेत. ४५१ अक्षरांचा आहे, म्हणून मी धरते.) एच१९ची गंमत वेगळी. तो फक्त आईकडून आलेल्या गुणसूत्रावर चालतो आणि त्याचा शेजारी आयजीएफ२ फक्त वडिलांकडच्यावर. ही वाटणी बिघडली तर लहान मुलांत मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीला वाट मिळते.

तिसरं उदाहरण फसवं. फ्रान्समधल्या एका कुटुंबात मेलॅनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) आणि मज्जासंस्थेच्या गाठी पिढ्यान्‌पिढ्या होत होत्या. नवव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा त्यांच्यात गायब होता, आणि तिथेच २००७ मध्ये अँरिल हा लांब आरएनए सापडला. पण त्या तुकड्याबरोबर गाठी रोखणारे दोन नामांकित प्रथिनवाले जनुकही गेले होते. दोष एकट्या अँरिलवर ढकलता येत नाही.

घरात तरुण वयात किंवा एकाहून अधिक जणांना कॅन्सर झाला असेल तर जेनेटिक काउन्सेलरकडे जा. तिथे ब्राका वगैरे तपासतील, आणि ते बरोबरच आहे.

१५. ‘नॉन-कोडिंग’ म्हणता, तरी काहींतून प्रथिन निघतं असं वाचलं.

निघतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. जुन्या संगणक-प्रणाली १०० अमिनो आम्लांपेक्षा छोटा मजकूर सोडूनच देत. हॉक्सबी-एएस३ या ‘नॉन-कोडिंग’ जनुकातून ५३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे चिमुकलं प्रथिन, तयार होतं आणि ते आतड्याच्या कॅन्सरची वाढ रोखतं, असं २०१७ मध्ये दिसलं. तेव्हा नावातला ‘नॉन-कोडिंग’ हा शिक्का सध्याची नोंद म्हणून वाचा.

१६. मॅडम, एमएस्सीच्या प्रोजेक्टला कुठला लांब आरएनए घेऊ?

ज्याचा आरएनए तुमच्या पेशीत खरंच आहे तो. हसू नका. मी स्वतः जवळजवळ वर्षभर एका आरएनएचा पाठलाग केला. त्याला चिकटणारा छोटा कृत्रिम तुकडा वापरून तो कमी केला की पेशी मरायच्या, आम्ही खूश. मग दुसऱ्या अनुक्रमाचा तुकडा वापरून तोच आरएनए तितकाच कमी केला, तर पेशींना काहीही झालं नाही. पहिला तुकडा भलत्याच जनुकाला मारत होता. थिसिसमधलं एक अख्खं प्रकरण गेलं.

म्हणून आधी सार्वजनिक डेटात प्रतींचं प्रमाण बघा. आरएनए केंद्रकात आहे की बाहेर ते ठरवा, कारण केंद्रकाबाहेर काम करणाऱ्या पद्धतीने केंद्रकातला आरएनए नीट कमी होत नाही. कमी करायला निदान दोन वेगळे तुकडे वापरा आणि शेवटी आरएनए परत घालून बघा. डीएनए शिल्लक राहिला तर पीसीआर खोटा सिग्नल देतो, आणि एकाच एक्झॉनच्या लांब आरएनएत हा घोळ हमखास होतो, तेव्हा डीएनए नष्ट करणारं डीएनेझ विसरू नका. मॅलॅट१ला पॉली-ए शेपूट नसते, टोकाला तिहेरी पिळाची गाठ असते. शेपटीवरून आरएनए पकडणारं किट वापरून ‘मॅलॅट कमी दिसला’ असं लिहून आणणारा विद्यार्थी दरवर्षी एक तरी भेटतो.